समुद्राकडची भिंत

नीराबाईच्या घराची समुद्राकडची भिंत नारिंगी होती. आता नारिंगी म्हणजे साधी नारिंगी नव्हे. होडीला लावतात तो ऑइलपेंट, ऊन कललं की डोळ्यांत घुसणारा. दिवेआगरला निघालेले पर्यटक वाट चुकून कोळीवाड्यात शिरले की गाडीची काच खाली करून त्या भिंतीकडे बघायचे आणि हसायचे. शेजारची केसर तर कुणी रस्ता विचारला की सांगायची, "त्या भडक भिंतीवरनं डावीकडं वळा," आणि नीराबाईला ऐकू जाईल अशा बेताने सांगायची.

हा उद्योग नीराबाईच्या नवऱ्याचा, धर्माजी तांडेलाचा. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. वादळ झालं त्या वर्षीची गोष्ट. किनाऱ्यावरची सुरूची झाडं आडवी झाली होती, नारळ-पोफळी मोडून पडल्या होत्या, स्वयंपाकघराचे पत्रे कुठल्या कुठे उडून गेले होते. नीराबाई ताडपत्रीखाली बसून भाकऱ्या भाजत होती. नारळी पुनव तोंडावर आली, होड्या पाण्यात जायची वेळ झाली, आणि या बाबाने काय करावं? होडी रंगवून उरलेला डबा उचलला, शिडी लावली आणि समुद्राकडची भिंत रंगवायला घेतली.

"डोक्यावर पत्रा न्हाय आणि भिंतीला रंग कसला लावताय?" नीराबाईने खालून विचारलं.

"असू दे गो," धर्माजी वरून म्हणाला. एवढंच. घराला गलबत करून टाकलंय म्हणून गाव हसलं, नीराबाईने बरेच दिवस त्याच्याशी अबोला धरला. धर्माजीला तो अबोला कळलाच नसावा, कारण एरवीही घरात त्याचं बोलणं फारसं नसायचं. समुद्रावरून आला की दारातून "अगो, चहा हाय?" म्हणायचा, आणि चहा पिऊन झाला की झोपायचा. तिचं नाव त्याने कधी घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. पत्रे पुढच्या महिन्यात बसले, पण तिच्या मनातली अढी काही गेली नाही. आधी भिंत आणि मग आपण, हे ती विसरली नाही.

पुढे छातीत कळ येऊन धर्माजी गेला. भिंत मागे राहिली.

मुलगा विनेश कामोठ्याला राहायचा. कंपनीत नोकरी, कर्जाचा फ्लॅट, बायको शिवानी, मुलगी राही. सणाला ही मंडळी सकाळी यायची आणि दिवेलागणीच्या आत परत निघायची. एकदा निघताना शिवानी सहज म्हणाली, "आई, या घरात फोटो काढायला एक कोपरा नाही हो. आणि तो रंग बघितला की माझं खरंच डोकं दुखतं." शिवानी वाईट नव्हती. चेंबूरच्या एका खोलीत आठ माणसांत वाढलेली पोर, देखण्या घराची तिला हौस होती. ती बोलली आणि विसरली. पण नीराबाईने ते धरून ठेवलं. आपली माणसं आपल्याकडे राहत का नाहीत याला कारण सापडलं की जरा बरं वाटतं, आणि हे कारण तर ब्रश मारून पुसता येण्यासारखं होतं.

दिवाळी झाल्यावर तिनेच फोन करून सांगितलं, "पोरी, तुला हवा तसा रंग काढून घे घराला. मे महिन्यात मग राहायलाच या."

शिवानीला केवढा आनंद झाला. तिने फोनवर रंगांच्या पट्ट्या पाठवल्या. नीराबाईला त्या सगळ्या चुलीतल्या राखेच्या दिसल्या, काही ताज्या राखेच्या, काही शिळ्या. "आई, आता सगळीकडे हाच चालतो. डोळ्यांना शांत वाटतं," शिवानी म्हणाली. श्रीवर्धनहून रंगारी आले. त्यांनी घर आतून राखाडी केलं, बाहेरून राखाडी केलं, आणि समुद्राकडच्या भिंतीवर दोन हात जास्तीचे मारून तिलाही राखाडी केलं. शिडी लावायला अडचण होते म्हणून ओटीवरचा जुईचा वेलही तोडला.  शिवानीने जुईच्या जागी लावायला प्लॅस्टिकचा वेल पाठवला होता.

मग पार्सलं यायला लागली. घर समुद्राकाठी आहे म्हणून सजावटही समुद्राची हवी, असं शिवानीचं म्हणणं. एका खोक्यातून लाकडी नांगर आला, निळा-पांढरा, पापडासारखा हलका. मागच्या दारी धर्माजीचा खरा नांगर गंजत पडला होता, त्यावर नीराबाई फडकी वाळत घालायची. दुसऱ्या खोक्यातून जाळं आलं, ज्यातून कोळंबी सोडा, म्हैससुद्धा पार निघून जाईल असल्या भोकांचं, आणि त्यात अडकवायला प्लॅस्टिकचे तारामासे. एका काचेच्या बाटलीसोबत रेतीची पुडी होती. कामोठ्याच्या पोरीने समुद्रावरच्या सासूला कुरिअरने रेती पाठवली होती. नीराबाई पुडी हातात घेऊन एकटीच खूप हसली. हसून झाल्यावर हे सांगायला घरात कुणी नाही हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिने ती रेती मुकाट्याने बाटलीत भरली.

इंग्रजी अक्षरांची एक पाटीही होती. व्हिडिओ कॉलवर राहीने ती आजीला वाचून दाखवली. "जगा, हसा, प्रेम करा असं लिहिलंय, आजी."

"हे भिंतीवर लिहून ठेवायला लागतं व्हय?" नीराबाईने विचारलं.

राही खिदळली. मागून शिवानीचा आवाज आला, "आई, जरा बाजूला होता का? भिंत दिसत नाहीये." नीराबाई बाजूला झाली. आता कामोठ्याला भिंत नीट दिसत होती आणि नीराबाई दिसत नव्हती, आणि तसंच बराच वेळ बोलणं झालं.

नाताळच्या सुट्टीत तिघं आली. चांगली चार दिवसांच्या बोलीने आली. शिवानी घरभर फिरली, प्रत्येक कोपऱ्यात उभी राहून तिने फोटो काढले, सासूला मिठीसुद्धा मारली. "किती छान झालंय घर, आई." पहिल्या दिवशी फोटो झाले. दुसऱ्या दिवशी करण्यासारखं काही उरलं नाही. विनेशला फोनची रेंज मिळेना, तो हातात फोन धरून ओटीवर येरझाऱ्या घालत राहिला. राहीला सुकटीच्या वासाने मळमळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी विनेश म्हणाला, "आई, ऑफिसचं काम निघालंय गो. मे महिन्यात बघू." नीराबाईने त्यांना नारळ दिले, सोडे दिले, गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवला.

मग ती आत येऊन त्या राखाडी खोलीत बसली. घराला रंग कुठलाही असता तरी ती माणसं गेलीच असती, हे तिला आता स्वच्छ कळलं. नारिंगी भिंत होती तेव्हा निदान दोष द्यायला भिंत तरी होती. तिला फार एकटं वाटलं, नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं इतकं.

आणि याच सुमारास आणखी एक गोष्ट तिला टोचायला लागली होती. कोंडाजीचा वाटा बंद झाला होता.

कोंडाजी हा धर्माजीच्या होडीवरचा जुना खलाशी. धर्माजी गेल्यावर होडी त्यानेच चालवायला घेतली. खोल पाण्यातला एक बुडालेला खडक, खडप म्हणतात तो, धर्माजीने शोधून काढलेला होता आणि तिथे तांबोशी मासळी चांगली मिळायची. त्या खडपावर गेला की कोंडाजी परतताना नीराबाईच्या दाराच्या कडीला पिशवी अडकवून जायचा. मेलेल्या तांडेलाचा वाटा. त्यात कधी एक तांबोशी असायची, कधी दोन. हाक मारायचा नाही, थांबायचा नाही. नीराबाईला मासळीची ददात नव्हती, पण कडीला पिशवी दिसली की आपल्या घराची कुणाला तरी आठवण आहे एवढं तिला कळायचं. दिवाळीनंतर त्या कडीला काही लागलंच नाही. जग पुढे जातं, कोंडाजी तरी किती दिवस वाटा काढणार, असं ती स्वतःला समजावत होती. पण विनेशची गाडी गेली त्या दिवशी तिला समजावणं जमेना. तिने पदर खोचला आणि तडक बंदरावर गेली.

कोंडाजी होडीच्या सावलीत जाळं सांधत बसला होता. तिला बघून उठून उभा राहिला.

"भावोजी, वाटा नको मला," नीराबाई म्हणाली. "पन तोंड का चुकवता, तेवढा सांगा. रस्त्यात दिसलाव तरी मान खाली घालून जाता."

कोंडाजीने सुई जाळ्यात खोचली. "वैनी, खडप गावत न्हाय."

"म्हंजे?"

"खडप हरवला. दिवाळी सरल्यापासून शोधतोय. रिकाम्या हातानं तुमच्या दारावरनं जायाची लाज वाटते."

"खडप काय चालून गेला? इतकी वर्सं गावत होता नं?"

कोंडाजी इकडे तिकडे बघायला लागला. जवळपास कुणी नव्हतं. तरी तो आवाज उतरवून बोलला. "दादानं शपथ घातलेली. कुनाला सांगायचा न्हाय. तुमाला तर न्हायच न्हाय."

"मलाच का?"

"तुमचे भाऊस तांडेल, भरडखोलचे. तुमच्या तोंडातनं गेला की दुसऱ्या दिवशी त्यांच्या होड्या खडपावर."

नीराबाईला राग आला, आणि राग येता येताच तिला हसूही आलं. कारण ते खरं होतं. धाकट्या भावाने राखीपौर्णिमेला गोड बोलून विचारलं असतं तर तिने सांगून टाकलं असतं. इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाने आपल्याला बरोबर ओळखलं होतं, आणि आपण मात्र त्याला ओळखलं नव्हतं, असं काहीसं तिला वाटून गेलं.

"आता सांगा," ती म्हणाली. "भावांस न्हाय सांगत. त्यांची आन."

मग कोंडाजीने सांगितलं. पाण्यात खुणेला काही नसतं, खूण जमिनीवरची धरावी लागते. वादळाआधी धर्माजीची खूण म्हणजे किनाऱ्यावरचा एक उंच सुरू होता. तो डोंगराच्या खांद्याखाली बरोबर आला, आणि उजवीकडच्या दीपगृहाने टेकडीला पाठ लावली, की खाली खडप. वादळात सुरू पडला. सगळेच पडले. होड्या पाण्यात जायच्या आणि खूण नाही. तेव्हा धर्माजीने पाहिलं की सुरू उभा होता त्याच्या सरळ मागे आपलंच घर आहे.

"पांढरी भिंत लांबून वाळूत मिसळते," कोंडाजी म्हणाला. "म्हनून होडीचा रंग लावला. दुपार कलली की ऊन पडायचा तिच्यावर, कवढी लांबून दिसायची. आता राखाडी केलाव. बरी दिसते, सगली म्हनतात. पन पान्यातनं दिसत न्हाय."

"फोनात घालून ठेवतात नं आता समदे? ती यंत्रं असतात."

"यंत्रात घातला की यंत्र बिघडलं म्हनून दुसऱ्याकडं न्यायला लागतं, म्हंजे खडप त्याला गावला. दादाला त्ये पटायचा न्हाय."

"मला आधी का न्हाय बोललाव? रंगारी आले तवाच सांगायचा."

"तुमी पोरासाठी रंग काढलाव. कंच्या तोंडानं सांगू, की पुसा म्हनून?"

नीराबाईने समुद्राकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला न्या. मला बघायचाय."

बायकांनी होडीत बसू नये असा काही कायदा नव्हता, पण रिवाजही नव्हता. नारळी पुनवेला नटूनथटून खाडीत एक फेरी मारायची, तेवढाच नीराबाईचा समुद्र. ज्या पाण्याने तिला पोसलं त्याच्या आत ती कधी गेली नव्हती, आणि आपलं घर तिने फक्त जमिनीवरून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी कोंडाजीने तिला होडीत घेतलं. बंदरावर केसर तोंडाला पदर लावून बघत राहिली.

खाडीचं तोंड मागे पडलं, पाण्याचा रंग बदलला. नीराबाई काठ घट्ट धरून बसली होती. पुष्कळ आत गेल्यावर कोंडाजीने इंजिन बंद केलं.

"आता बघा. शोधा तुमचा घर."

तिने शोधलं. माडांची हिरवी पट्टी दिसत होती, त्याखाली वाळूची फिकी रेघ, वर धुरकट डोंगर. कुणाची तरी गुलाबी इमारत दिसली, देवळाचा कळस दिसला, केसरच्या घराची निळी टाकीसुद्धा दिसली. केसरच्या टाकीच्या शेजारी तिचं घर असायला हवं होतं. तिथे काही नव्हतं. धुरकट डोंगराचाच एक तुकडा खाली उतरून आल्यासारखं वाटत होतं. तिने डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. आयुष्यभर जिथे राहिलो ती जागा मोकळी दिसत होती.

"न्हाय दिसत," ती म्हणाली.

"न्हायच दिसत," कोंडाजी म्हणाला. होडी हलत होती. तो काही वेळाने स्वतःशी हसला. "दादा काय करायचा म्हाइत हाय? खडप गावला की जालं टाकायच्या आधी उभा ऱ्हायचा, घराकडं बघत. खूण तर गावलेली असायची, तरी बघायचा. आनि म्हनायचा, आता नीरा चहा ठेवत असंल."

"काय म्हनायचे?"

"आता नीरा चहा ठेवत असंल. रोजचाच. कवा म्हनायचा, नीराचा गुडघा दुखतोय, आज दलन दलून आनला का कोन जाने. आमी पोरं हसायचो त्याला."

"नाव घ्यायचे माझा?"

"व्हय. हितं घ्यायचा."

नीराबाईला रडू आवरेना, आणि तिने ते आवरलंही नाही. घरात ज्याच्या तोंडून कधी शब्द निघाला नाही तो इथे, तिच्यापासून इतक्या लांब, तिचं नाव घेऊन बोलत होता. आधी भिंत आणि मग आपण, असं ती इतकी वर्षं धरून बसली होती. तो भिंत बघायचा आणि भिंतीमागच्या तिला बघायचा, आणि तिने नेमकी तीच भिंत पुसून टाकली. कोंडाजीने दुसरीकडे तोंड करून बराच वेळ दोर गुंडाळला.

किनाऱ्याला लागल्यावर ती म्हणाली, "होडीचा रंग उरलाय का?"

"डब्यात हाय थोडा. पन वैनी, पोरगा-सून काय बोलतील?"

"बोलतील काय बोलायचा तो. तुमी शिडी आना."

दुसऱ्या दिवशी कोंडाजीने वरचा भाग रंगवला आणि हात पोचेल तिथवर खालचा नीराबाईने. बाकीचं घर राखाडीच राहिलं, नांगर आणि तारामासे आत जिथल्या तिथे राहिले. जे शिवानीचं होतं ते तिने शिवानीला राहू दिलं. केसर कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"परत तोच रंग, नीरा? चांगला शोभत होता की घर."

"मला आवडतो," नीराबाई म्हणाली. आयुष्यात तिला तो रंग एक दिवसही आवडला नव्हता.

कुणीतरी फोटो पाठवला असावा. संध्याकाळी शिवानीचा फोन आला. आवाज दुखावलेला होता. "आई, एवढं सगळं केलं आपण, आणि ते काय मध्येच? मला मैत्रिणींना घेऊन यायचं होतं मे महिन्यात. आता काय सांगू त्यांना?" नीराबाईच्या जिभेवर सगळं आलं होतं. सुरूचं झाड, खडप, धर्माजीने घेतलेलं नाव. सांगितलं असतं तर शिवानी कदाचित विरघळली असती, चारचौघींना कौतुकाने सांगत सुटली असती, आणि आठवड्यात ते भरडखोलला पोचलं असतं.

"मला म्हातारीला काय कळतं रंगातलं, पोरी," नीराबाई म्हणाली. "उरलेला होता, लावला."

 मे महिन्याचं मग बघू, असं म्हणून शिवानीने फोन ठेवला. धाकटा भाऊही दोन दिवसांनी आला, भिंतीकडे बघून गालात हसला आणि म्हणाला, "भावोजी गेले, पन त्यांचं येड तुझ्यात ठेवून गेले गो." तिने त्याला जेवू घातलं आणि वाटेला लावलं. धर्माजीने तिला सांगितलं नव्हतं ते तिने आता नीट सांभाळलं होतं, आणि हे ज्याला कळायला हवं होतं तो कळण्यापलीकडे गेला होता.

मग एका दुपारी ती झोपून उठली आणि मागच्या दारी आली. भरती होती. कोंडाजीची होडी सकाळपासून दिसली नव्हती, म्हणजे आता ती आत खडपाजवळ असणार. ऊन कलून भिंतीवर आलं होतं, नारिंगी रंग डोळ्यांना सोसवत नव्हता. नीराबाई भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. तिकडून ती कुणाला दिसणार नव्हती, हे तिला आता ठाऊक होतं. दिसली तर भिंतच दिसणार होती.

"ठेवलाय चहा," ती समुद्राकडे बघून म्हणाली.

आणि खरंच ठेवलेला होता, म्हणून उतू जायच्या आत ती घरात गेली.